अभिरूप न्यायालय आणि प्रत्यक्ष कायदा : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे पुनर्वाचन

सारांश

विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक स्त्रीच्या शोषणाचे आणि मध्यमवर्गीय समाजातील सुप्त हिंसेचे नाटक म्हणून सर्वपरिचित आहे. या नाटकात ज्या कायद्याच्या नावाने खटला चालविला जातो, तो कायदा त्या काळी प्रत्यक्षात काय सांगत होता, याकडे मात्र समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात नाटकातील खटला आणि तत्कालीन व नंतरचा भारतीय कायदा यांची तुलना करून व्यक्तिस्वायत्तता, मानवी नातेसंबंध आणि कायदा यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : व्यक्तिस्वायत्तता, अभिरूप न्यायालय, संमती, मातृत्व, सामाजिक नीती, दंडविधान.

१. प्रस्तावना

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ या संस्थेने १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. लीला बेणारे ही भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. पुढे अनेक भारतीय भाषांत त्याचे अनुवाद झाले आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही त्याला स्थान मिळाले. अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यानंतरही हे नाटक शिकविले जाते, वाचले जाते आणि त्याचे प्रयोग होतात.

या नाटकाची समीक्षा प्रामुख्याने दोन दिशांनी झाली आहे. पहिली दिशा बेणारेच्या शोकांतिकेची आहे. स्वतःच्या पायावर उभी असलेली, मोकळेपणाने वागणारी एक अविवाहित शिक्षिका पुरुषप्रधान समाजाकडून कशी चिरडली जाते, हे तीतून दाखविले जाते. दुसरी दिशा समूहाच्या मानसिकतेची आहे. आयुष्यात अयशस्वी ठरलेली सामान्य माणसे एका दुबळ्या क्षणी सापडलेल्या व्यक्तीवर एकत्रितपणे कशी तुटून पडतात, हे तीतून उलगडले जाते. या दोन्ही दिशा योग्यच आहेत. तथापि दोन्हींमध्ये नाटकातील न्यायालय हे केवळ एक रूपक मानले जाते आणि पुष्कळदा ते न्यायव्यवस्थेचेच रूपक असल्याचे गृहीत धरले जाते. काशीकरांचे कोर्ट म्हणजे प्रत्यक्ष कायद्याचाच आरसा, असा या गृहीताचा अर्थ होतो.

हे गृहीत तपासून पाहिले असता वेगळेच चित्र समोर येते. काशीकरांच्या कोर्टात कायद्याची भाषा आहे, कायद्याचा पोशाख आहे, कायद्याची शपथ आहे; परंतु कायदा नाही. १९६७ मध्ये अस्तित्वात असलेला कायदा, त्याच्यातील सर्व उणिवा मान्य करूनही, बेणारेला गुन्हेगार ठरवू शकला नसता. मग तिला शिक्षा कोणी केली आणि ती करण्यासाठी कायद्याच्या रूपाची गरज का भासली, हा खरा प्रश्न आहे.

२. कायद्याचे रूप आणि प्रक्रियेचा लोप

मुंबईतील एक हौशी मंडळी न्यायालयाच्या कामकाजाची माहिती जनतेला व्हावी या हेतूने ‘अभिरूप न्यायालय’ सादर करीत असतात. एका खेडेगावी प्रयोगासाठी गेले असता दुपारचा वेळ घालविण्यासाठी आणि सामंत या स्थानिक तरुणाला प्रयोगाची कल्पना यावी म्हणून लुटुपुटीचा एक खटला चालवावा असे ठरते. आरोपी म्हणून बेणारेची निवड होते आणि तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. खेळ म्हणून सुरू झालेला हा खटला हळूहळू तिच्या खाजगी आयुष्याची झडती बनतो. ती बाहेर जाऊ पाहते तेव्हा दार बाहेरून अडकलेले असते.

या खटल्याची प्रक्रिया बारकाईने पाहण्यासारखी आहे. सरकारी वकील आणि आरोपीचा वकील या दोन्ही भूमिका सुखात्मे ही एकच व्यक्ती करते. सरकारी वकील म्हणून ते आवेशाने उभे राहतात, तर बचावाचे वकील म्हणून मान खाली घालून बसतात आणि साक्षीदारांची उलटतपासणी टाळतात. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहतात आणि बेणारेच्या शाळेच्या चालकांचे कानावर पडलेले बोलणे पुरावा म्हणून सांगतात. सामंताची साक्ष तर त्याच्या हातातील एका कादंबरीतून उचललेली आहे. हे सर्वांना ठाऊक असूनही ती गंभीरपणे नोंदली जाते. पोंक्षे विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करतो, कर्णिक ऐकीव माहिती देतो. ज्याची साक्ष सर्वांत महत्त्वाची, ते प्रा. दामले गैरहजर आहेत आणि त्या गैरहजेरीचा कोणालाही जाब विचारावासा वाटत नाही.

आरोपीला वकील असावा, न्यायाधीशाने स्वतःच्याच समोरील खटल्यात साक्ष देऊ नये, ऐकीव गोष्टीला पुरावा मानू नये, ही न्यायदानाची प्राथमिक तत्त्वे आहेत. काशीकरांच्या कोर्टात ती एकामागून एक मोडली जातात. तरीही शपथ, पिंजरा, वकिलाचा काळा डगला आणि ‘शांतता’ हा पुकारा यांत खंड पडत नाही. प्रक्रियेतील जो भाग आरोपीच्या संरक्षणासाठी असतो तो गळून पडतो आणि जो भाग धाक निर्माण करण्यासाठी असतो तेवढा शिल्लक राहतो. नाटककाराने केलेले हे निरीक्षण केवळ रंगतंत्राचा भाग नाही. कायद्याचा मूळ हेतू बाजूला सारून समाज त्याच्याकडून काय उचलतो, याची ती नेमकी नोंद आहे.

३. आरोपाचे कलम

बेणारेवर भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०२ खाली भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. कायद्याच्या दृष्टीने हा आरोपच असंबद्ध आहे. कलम ३०२ हे खुनाच्या शिक्षेचे कलम होते. मातेच्या उदरातील अपत्याचा मृत्यू घडविणे म्हणजे मनुष्यवध नव्हे, असे त्याच संहितेच्या कलम २९९ च्या तिसऱ्या स्पष्टीकरणात नमूद केलेले होते. गर्भपातासाठी स्वतंत्र कलम ३१२ होते आणि त्यातील शिक्षा खुनाच्या शिक्षेहून कितीतरी कमी होती. शिवाय नाटकात गर्भपात झालेलाच नाही. बेणारेला मूल हवे आहे आणि त्याला जन्म देण्यासाठीच तिची सारी धडपड चालली आहे.

दामले यांच्याशी असलेल्या तिच्या संबंधाविषयी तत्कालीन कायदा काय सांगत होता? व्यभिचाराचे कलम ४९७ तेव्हा अस्तित्वात होते. परंतु ते दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषापुरते होते. अविवाहित स्त्री आणि विवाहित पुरुष यांचा संमतीचा संबंध त्या कलमाच्या कक्षेत येतच नव्हता. जन्माला येणाऱ्या मुलाच्या बाबतीतही कायदा मौन नव्हता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार विवाहबाह्य अपत्याची नैसर्गिक पालक प्रथम माता आणि तिच्यानंतर पिता असे ठरलेले होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ प्रमाणे अशा अपत्याच्या पोटगीची जबाबदारी पित्यावर टाकता येत होती. म्हणजेच या प्रकरणात कायद्याला कोणाकडे बोट दाखवायचे असते, तर ते दामल्यांकडे दाखविता आले असते.

निकालाकडे पाहिले असता ही विसंगती अधिकच तीव्र होते. भ्रूणहत्येच्या आरोपाखाली चाललेल्या खटल्यात काशीकर शिक्षा देतात ती भ्रूणहत्येचीच! बेणारेने जगावे, मात्र तिच्या उदरातील गर्भ नष्ट केला जावा, असा हा निकाल आहे. स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात घडविणे हा दंडसंहितेच्या कलम ३१३ प्रमाणे आजन्म कारावासापर्यंतच्या शिक्षेस पात्र गुन्हा होता. याचा अर्थ असा की, या न्यायालयात आरोपीने कोणताही गुन्हा केलेला नाही आणि न्यायाधीशाचा निकाल मात्र अंमलात आल्यास गंभीर गुन्हा ठरतो. नाटकातील हा उपरोध आजवर भावनेच्या पातळीवर पुष्कळ वाखाणला गेला. तो कायद्याच्या अक्षराच्या पातळीवरही तितकाच काटेकोर आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

४. काशीकरांचा पूर्वेतिहास

काशीकरांचा कायदा दंडसंहितेतून येत नसेल, तर तो कोठून येतो? याचे उत्तर नाटकातच आहे. मुलींची लग्ने लहानपणीच उरकण्याची जुनी प्रथा पुन्हा सुरू करावी, असे मत काशीकर मांडतात आणि समाज बिघडविल्याचा दोष आगरकर व धोंडो केशव कर्वे यांच्या माथी मारतात. सुखात्मेही आपल्या भाषणात स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही या मनुस्मृतीतील वचनाचा आधार घेतात आणि ते वचन थेट बेणारेच्या नावावर बसवितात. हा तपशील ओझरता वाटला तरी नाटकाच्या अर्थाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील हे कोर्ट एकोणिसाव्या शतकात हरलेला एक वाद पुन्हा चालवू पाहत आहे.

तो वाद महाराष्ट्रातील सुशिक्षितांना अपरिचित नाही. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये पतीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा अथवा सहा महिने कारावास भोगा, असा आदेश दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन हे प्रकरण मिटविण्यात आले. एखाद्या प्रौढ स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नात्यात राहावयास भाग पाडता येते काय, असा हा प्रश्न होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी आगरकरांनी सुधारकांची बाजू लावून धरली ती याच प्रश्नाच्या पार्श्वभूमीवर. काशीकरांचा रोष आगरकरांवर का आहे, हे यावरून स्पष्ट होते.

संमतिवयाचा हा धागा बेणारेच्या आयुष्यापर्यंतही पोहोचतो. चौदा-पंधरा वर्षांची असताना सख्ख्या मामाशी आलेला संबंध आणि त्याने पळ काढल्यावर केलेला आत्महत्येचा प्रयत्न या गोष्टी कर्णिकाच्या साक्षीतून व पुढे तिच्या स्वगतातून कळतात. १९२५ च्या दुरुस्तीने विवाहाबाहेरील संमतिवय चौदा झाले होते आणि १९४९ मध्ये ते सोळा करण्यात आले. बेणारेचे वय नेमके किती होते आणि प्रसंग कोणत्या वर्षीचा, यावर मामाचा कायदेशीर दोष ठरला असता. नाटकात जर कोठे खऱ्या अर्थाने गुन्हा घडला असण्याची शक्यता असेल, तर ती येथे आहे. या ठिकाणी बेणारे ही पीडित ठरते. काशीकरांच्या कोर्टाला मात्र हा प्रश्न पडतच नाही. अल्पवयीन मुलीवर झालेला अन्याय येथे त्याच मुलीच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा म्हणून दाखल होतो.

५. प्रत्यक्ष न्यायालयातील काशीकर

काशीकरांचे कोर्ट आणि प्रत्यक्ष कायदा यांतील अंतर दाखविताना प्रत्यक्ष कायद्याला निर्दोष ठरविणे हा येथे उद्देश नाही. तसे करणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या कलम ४९७ खाली बेणारे दोषी ठरली नसती, ते कलम स्त्रीला स्वतंत्र व्यक्ती न मानता पतीची मालमत्ता मानत होते, म्हणूनच ती त्यातून सुटली असती. रखमाबाईंविरुद्ध वापरले गेलेले वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचे तत्त्व १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून कायम राहिले. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची वैधता मान्य केली.

याहून गंभीर बाब पुराव्याच्या कायद्यातील होती. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम १५५ (४) प्रमाणे बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची असल्याचे दाखवून तिची साक्ष अविश्वसनीय ठरविता येत असे. ही तरतूद २००३ पर्यंत अस्तित्वात होती. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडताना तिच्या शरीरसंबंधांच्या पूर्वानुभवाचा आधार घेतला होता. उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी ठरविले. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांची मुक्तता केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालाचा निषेध केला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली.

या घटना नाटकानंतरच्या आहेत आणि त्यांचा नाटकाशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्यामुळे एक फरक स्पष्ट होतो. न्यायालयासमोरचा प्रश्न ‘काय घडले?’ असा असावयास हवा. ‘ही बाई कशी आहे?’ असा प्रश्न विचारला जाऊ लागला की प्रत्यक्ष न्यायालय आणि काशीकरांचे कोर्ट यांतील भेद पुसला जातो. ही घसरण शब्दांतूनही होते. विवाहित पुरुषाशी संबंध असलेल्या स्त्रीसाठी २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘ठेवलेली बाई’ या अर्थाचा शब्द वापरला, तेव्हा तत्कालीन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. लिंगभावविषयक साचेबद्ध शब्द व समजुती टाळण्यासाठी त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. काशीकरांची भाषा न्यायालयात शिरू शकते, याची ही एक प्रकारे कबुलीच मानावी लागेल.

६. बदललेला कायदा आणि बेणारे

नाटकाचा प्रयोग होण्यापूर्वीच गर्भपाताच्या कायद्याच्या पुनर्विचाराला सुरुवात झाली होती. शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. तथापि गर्भनिरोधक साधनांच्या अपयशाचे कारण त्यात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरतेच मर्यादित होते. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित व अविवाहित स्त्रियांत या बाबतीत भेद करता येणार नाही असा निर्वाळा दिला.

बेणारेच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा निकाल २००९ मधील सुचिता श्रीवास्तव प्रकरणाचा आहे. शासकीय संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक वाढ अपुरी असलेल्या आणि अत्याचारातून गर्भ राहिलेल्या एका तरुणीला मूल हवे होते. तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि प्रजननविषयक निवड हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सांगितले. स्वायत्ततेची चर्चा बहुधा नकाराच्या हक्काभोवती फिरते. नांदावयास नकार आणि मातृत्वास नकार ही तिची नेहमीची उदाहरणे. या निकालाने स्वीकाराचा हक्कही तितकाच मूलभूत असल्याचे दाखवून दिले. बेणारेची मागणी हीच होती. गर्भ नष्ट करण्याच्या काशीकरांच्या निकालाला कायद्याने दिलेले उत्तर म्हणून या निकालाकडे पाहता येते.

त्यानंतरची वाटचाल सर्वश्रुत आहे. अविवाहित मातेला पित्याचे नाव उघड न करता अपत्याचे पालकत्व मिळू शकते, असे २०१५ मध्ये ठरले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले आणि स्वतःच्या आयुष्याविषयी निर्णय घेण्याची मुभा हा त्याचा गाभा मानला. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाईन प्रकरणात कलम ४९७ रद्द झाले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत त्या कलमाला स्थान मिळालेले नाही. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत नावापुढे आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचे धोरण स्वीकारले. ज्या नावासाठी बेणारेला दारोदार याचना करावी लागली, त्या नावाची सक्ती कायद्याने बरीच सैल केली आहे.

७. स्वायत्तता आणि नाते

येथपर्यंतच्या विवेचनावरून आज बेणारेचा प्रश्न सुटला आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. त्यासाठी नाटकाकडेच पुन्हा वळावे लागते.

बेणारे ही स्वायत्ततेची निर्भेळ प्रतिमा नाही. आपले आयुष्य आपले आहे असे ठामपणे मानणारी ही स्त्री पोंक्षे आणि रोकडे यांच्याकडे लग्नाची याचना करते. कारण मुलाला बाप हवा, घर हवे, नाव हवे, असे तिलाही वाटते. दामल्यांच्या बुद्धिमत्तेची तिने पूजा केली. परंतु त्यांना तिच्या भक्तीची गरज नव्हती, हवे होते ते शरीर. काही समीक्षकांना या याचनेत बेणारेच्या बंडखोरीचा पराभव दिसतो. हा आक्षेप स्वायत्ततेची अपुरी कल्पना गृहीत धरतो. स्वायत्त व्यक्ती म्हणजे कोणाचीही गरज नसलेली व्यक्ती असे मानले, तर बेणारे हरलेली ठरेल. पण माणसाची निवड ही बहुतेक वेळा नात्याचीच निवड असते. आपल्याला कोणते नाते हवे आणि ते कोणत्या अटीवर हवे, हे ठरविता येणे म्हणजेच स्वायत्तता. बेणारेला नात्यातून मुक्ती नको आहे. तिला नाते हवे आहे आणि त्याची किंमत म्हणून आपला आत्मसन्मान मागितला जाऊ नये, एवढेच तिचे म्हणणे आहे.

कायद्याची मर्यादा नेमकी येथे दिसून येते. कायदा दामल्यांकडून पोटगी वसूल करू शकेल; त्यांना बेणारेच्या बाजूने उभे करू शकणार नाही. जेथे तो काही करू शकतो, तेथेही त्याची दृष्टी विवाहाच्या चौकटीबाहेर सहजपणे जात नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याने ‘विवाहसदृश नाते’ मान्य केले हे खरे. परंतु पुरुष विवाहित आहे हे माहीत असताना त्याच्याशी संबंध ठेवणाऱ्या स्त्रीचे नाते या व्याख्येत बसत नाही, असे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अशा स्त्रीची अडचण न्यायालयाने ओळखली, तरी कायद्याचे संरक्षण तिला मिळाले नाही. पत्नी आणि तिची मुले यांच्या हितसंबंधांचा विचार त्यामागे आहे व तो डावलता येणार नाही. तरीही आजची बेणारे दामल्यांविरुद्ध या कायद्याखाली दाद मागावयास गेली, तर तिला रिकाम्या हाताने परतावे लागेल, ही वस्तुस्थिती आहे. तिला गुन्हेगार न ठरविणे ही एक पायरी झाली. नात्यातील दुर्बल बाजू म्हणून तिच्याकडे पाहणे ही पुढची पायरी कायद्याने अद्याप पूर्णपणे चढलेली नाही.

८. नाटकाबाहेरची अभिरूप न्यायालये

नाटकातील कोर्ट लुटुपुटीचे आहे; समाजातील अशी कोर्टे मात्र खरी असतात. महाराष्ट्रात जातपंचायतींनी आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना वाळीत टाकल्याची, दंड वसूल केल्याची प्रकरणे वारंवार उजेडात आली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रश्नावर सातत्याने काम केले. त्यातून सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविणारा २०१६ चा स्वतंत्र कायदा झाला व २०१७ मध्ये तो अंमलात आला. जातपंचायतीचे कामकाजही न्यायालयाच्या धर्तीवर चालते. तेथे पंच असतात, आरोप असतो, साक्ष असते, शिक्षा असते. नसते ते आरोपीचे संरक्षण. काशीकरांच्या कोर्टाची ही सर्व लक्षणे आहेत. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात कुटुंबाला किंवा जमावाला हस्तक्षेप करण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खाप पंचायतींच्या संदर्भात बजावले. तसे बजावावे लागते, यातच प्रश्नाचे गांभीर्य आहे.

दुसऱ्या बाजूला खाजगी नात्यांची नोंद ठेवण्याकडे शासनाचाही कल दिसू लागला आहे. उत्तराखंडच्या २०२४ च्या समान नागरी संहितेने विवाहाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना नोंदणी बंधनकारक केली असून नोंदणी न करणे शिक्षापात्र ठरविले आहे. अशा नोंदणीमुळे स्त्रीला व अपत्याला पुरावा आणि संरक्षण मिळेल, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद आहे आणि वर उल्लेखिलेली बेणारेची अडचण लक्षात घेता तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु संरक्षणासाठी मिळणारी संधी आणि शिक्षेच्या धाकाने मागितलेला कबुलीजबाब या दोन भिन्न गोष्टी आहेत. नात्याची माहिती कोणाच्या हाती जाते आणि ती कोणत्या हेतूने वापरली जाते, यावर तिचा न्याय किंवा अन्याय अवलंबून राहील. बेणारेच्या खटल्यातही प्रत्येक साक्षीदाराजवळ केवळ माहिती होती. तिचे हत्यार झाले ते ती सर्वांसमोर मांडली गेली तेव्हा.

९. समारोप

खटल्याच्या अखेरीस बेणारेला बोलण्यासाठी दहा सेकंद दिली जातात. त्या दहा सेकंदांत इतर सर्व पात्रे थिजून उभी राहतात आणि तिचे प्रदीर्घ स्वगत फक्त प्रेक्षकांना ऐकू येते. कोर्टाच्या नोंदीत आरोपीने काहीच म्हटलेले नाही. नंतर गावकरी येतात, मंडळी खेळ संपल्यासारखी पूर्ववत होतात आणि सामंत आपल्याजवळचा हिरवा कापडी पोपट तिच्याशेजारी ठेवून निघून जातो. संपूर्ण नाटकात तिला काहीही न मागता, काहीही न विचारता केलेली ही एकमेव कृती आहे.

या नाटकाचे कायद्याच्या अंगाने पुनर्वाचन केले असता तीन गोष्टी हाती येतात. पहिली, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे न्यायव्यवस्थेवरील आरोपपत्र आहे असे सरसकट म्हणता येत नाही. कायद्याचे रूप उसने घेऊन आपली अलिखित नीती लादणाऱ्या समाजावरील ते आरोपपत्र आहे. दुसरी, प्रत्यक्ष कायदाही या नीतीपासून मुक्त नव्हता. त्याने स्वतःला सोडविण्याचे काम रखमाबाईंच्या खटल्यापासून आजतागायत चालू ठेवले आहे आणि ते पूर्ण झालेले नाही. तिसरी, स्वायत्तता ही एकट्या माणसाची गोष्ट नसून नात्यातील माणसाची गोष्ट आहे. म्हणूनच केवळ शिक्षा न करणाऱ्या कायद्याने ती साध्य होत नाही.

हे नाटक ज्या वर्गांत शिकविले जाते, तेथे बेणारेविषयी सहानुभूती निर्माण करणे अवघड नसते. तिला शिक्षा देणारे लोकही सुशिक्षित आहेत, जनजागृतीसाठी निघालेले आहेत आणि आपण कायद्याप्रमाणे वागत आहोत अशी त्यांची समजूत आहे, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे अधिक अवघड आणि अधिक आवश्यक आहे. तिच्या शाळेच्या चालकांनी तिला कामावरून दूर करण्याचा निर्णय घेतला तोही एका शिक्षणसंस्थेनेच. नाटकातील कोर्टाची ही बाजू महाविद्यालयीन अध्यापकांच्या विचारास विशेषत्वाने पात्र आहे.